जनावरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन

ज्यांच्या घरी खव्याची भट्टी आहे त्यांच्या पोरांनी फिजिक्सला जाऊ नये, असा एखादा नियम विद्यापीठानं करून टाकायला हवा होता. माझी एम.एस्सी.ची वर्षं तरी जरा सुखात गेली असती. येरमाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. गावात माणसांइतक्याच म्हशी, आणि निम्म्या गावाचं दूध आमच्या दारात येऊन आटायचं. पहाटे कॅन आदळल्याचा आवाज झाला की दिवस सुरू. मग भट्टीत लाकडं धडधडायची, दोन मोठ्या कढयांत दूध चढायचं आणि लांब दांड्याचं उलथनं कढईच्या बुडाला खर्र खर्र घासत राहायचं, ते थेट दुपार कलेपर्यंत. त्या खरखरीत बसून मी क्वांटम मेकॅनिक्सची गणितं सोडवली आहेत. अंथरुणाला, वह्यांना, माझ्या केसांना, सगळ्याला आटलेल्या दुधाचा वास. बसमध्ये शेजारी बसणारी बाई हमखास विचारायची, "पेढे घेऊन चाललीस का गं?" मी मांडीवर सॉलिड स्टेटचं जाडजूड पुस्तक उघडून बसलेली असायची, तरी विचारायची.

घरात माणसं मोजकी. आप्पा गावातून दूध गोळा करायचे आणि खवा बाजारात पोचवायचे. आई घर बघायची. आणि भट्टीवर राज्य आत्याचं. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा वारला म्हणून माहेरी आली, उलथनं हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही. "आज काय शिकून आलीस?" असं ती मला रोज विचारायची आणि माझ्या उत्तराची रोज वाट लावायची. एकदा मी सांगितलं, की विश्व फुगत चाललंय, सगळ्या आकाशगंगा एकमेकींपासून लांब पळतायत. तिनं हात न थांबवता विचारलं, "कशात फुगायलंय?" मी म्हटलं, कशात नाही आत्या, जागाच फुगते. "मंजी भांडं न्हाय आन् दूध वर यायलंय," ती म्हणाली, "ह्याला शिक्षण म्हनत्यात व्हय?" मी चिडून दुसऱ्या दिवशी हे आमच्या देशमाने सरांना सांगितलं. वाटलं होतं, सर हसतील. तर सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे," आणि तासभर त्यावरच शिकवत राहिले. घरी आल्यावर हे आत्याला सांगायची चूक मी केली नाही.

कॉलेज जिल्ह्याच्या गावी. येरमाळ्यापर्यंत जीप, तिथून येडशीमार्गे एस.टी. एम.एस्सी.चा वर्ग नवीन, शिकवणारे दोघं, पंखा एक, आणि प्रयोगशाळेत जी उपकरणं चालत होती ती कशी काय चालत होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण देशमाने सरांना वेड होतं. त्यांनी मला प्रोजेक्ट दिला तो अतिसंवाहकाचा. म्हणजे असा पदार्थ, जो पुरेसा गार केला की त्यातून वीज जाताना अडथळाच उरत नाही. एरवी धडपडत, ठेचकाळत जाणारे इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि सगळे एका पावलानं निघतात. वर चुंबक धरलं तर ते हवेत तरंगतं. क्वांटमचे नियम एरवी अणूच्या पोटात लपलेले असतात, ते इथं तळहातावर बघायला मिळतात. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी परतताना मी येरमाळ्याचा थांबाच विसरून पुढे गेले होते. एवढं मला ते आवडलं होतं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं वैतागाचंच आहे.

वैताग पहिला: वाटण. इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या पुडी दगडी खलात घालून तासन्‌तास घोटायच्या. कॉलेजात वेळ पुरेना म्हणून मी खल घरी आणला. आईनं एकदा डोकावून बघितलं. "मसालाच वाटायचा हुता तर घरी काय कमी हुता व्हय? त्यासाठी रोज येवढ्या लांब जातीस?" वैताग दुसरा: वीज. घोटलेली पूड वडीसारखी दाबून कॉलेजातल्या विजेच्या लालबुंद भट्टीत दिवसभर भाजायची आणि मग हळूहळू निववायची. मधेच भारनियमन. वीज गेली की वडी बिघडायची, आणि बिघडलेली वडी हिरवी व्हायची. काळी हवी होती. माझ्या हिरव्या वड्यांची रांगच खिडकीत लागली होती. आत्या म्हणाली, "हिरवं तर चांगलं असतंय की गं, काळ्यावर का जीव टाकायलीस?" शेवटी एक वडी काळीकुळकुळीत निघाली. ती मी कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली आणि ती काड्यापेटी कुणी चूल पेटवायला नेऊ नये म्हणून तिच्यावर दोऱ्याच्या गाठी मारल्या.

यात खरं अडकलं काय होतं, तेही सांगते. पुण्याहून जे परीक्षक येणार होते त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी एक जागा होती. देशमाने सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. परीक्षकांचं उत्तर आलं, की आधी वडीतला अडथळा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघतो, मग बोलू. इकडे लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, त्याची काही चूक नव्हती. आप्पा मला म्हणाले होते, "पुन्याचं जमलं तर जा. म्या आडवा येनार न्हाय. पर न्हाय जमलं तर मग वर्सं घालवायची न्हाईत." आप्पा दिलेला शब्द मोडत नसत. त्यामुळं मला त्यांच्या शब्दाच्या दुसऱ्या भागाची भीतीही तेवढीच होती.

आणि ऐन वेळी नायट्रोजन नाही. वडी गार करायला द्रव नायट्रोजन लागतो, शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंश. सरांनी तो लांबून मागवला होता. ज्या भांड्यातून आला त्याच्या दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी कधीच गेलेली. पोचेपर्यंत नायट्रोजन उडून गेलेला, भांड्यात गारवा होता फक्त. पुन्हा मागवायला सवड नव्हती. सर डोक्याला हात लावून बसले. मी बसनं घरी आले तर दारात आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले माळी डॉक्टर, आमच्या म्हशीला तपासायला आलेले. त्यांच्या गाडीला मागं छोटं ॲल्युमिनियमचं भांडं बांधलेलं, आणि त्याच्या तोंडातून धूर निघत होता. हा धूर मी लहानपणापासून बघत आले होते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असूनही तो काय आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी डॉक्टरांच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिले.

"व्हय, नायट्रोजनच हाय," डॉक्टर म्हणाले. "पर मोकळा न्हाय. दवाखान्यात मोठा जार हाय, त्यात मुऱ्हा रेड्याच्या बीजाच्या कांड्या बुडवून ठेवल्यात. म्हस माजावर आली की कांडी काढायची, भरायची. गाडी येऊन जार भरून जाती, ती आता लवकर न्हाय यायची. पातळी खाली गेली, कांड्या उघड्या पडल्या, की मेल्या. आन् मेलेली कांडी वरून जित्या कांडीसारखीच दिसती, बाई. म्हस भरायची, वाट बघायची, आन् म्हस गाभन ठरली न्हाय मंग कळनार. तवर हंगाम सपलेला."

थंडी सरत आली होती आणि म्हशी माजावर येण्याचे तेच शेवटचे दिवस. गावात चांगला रेडा उरला नव्हता, सगळ्यांची भिस्त त्या जारवर. म्हणून आप्पांनी दूध घालणाऱ्या सगळ्यांना भट्टीपुढं बोलावलं आणि मला म्हणाले, "सांग." आयुष्यात मी पुढं अनेक ठिकाणी संशोधनासाठी मदत मागितली, मोठमोठ्या समित्यांपुढं उभी राहिले, पण असली परीक्षा कुणी घेतली नाही. वडी गार करून काय होणार? तरंगणार. कोण, वडी? नाही, तिच्यावर चुंबक. मग म्हशीचा काय संबंध? काहीच नाही. मग म्हशीच्या जारमधलं का? एकानं विचारलं, ह्याच्यानं बल्ब लागंल का? दुसऱ्यानं, पोरीला बक्षीस किती? मी घसा फोडून सांगत होते आणि आत्या मागून उलथन्याचा आवाज काही कमी करत नव्हती. शेवटी आप्पा म्हणाले, "एक थर्मास भरून देऊ. बाकीचा राहील." कुणी नाही म्हणालं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सरांच्या काचेच्या पोटाच्या थर्मासात नायट्रोजन ओतून दिला. तोंडाला कापसाचा सैल बोळा. घट्ट झाकायचं नसतं, आत वाफ कोंडली तर थर्मास फुटतो. मी तो भट्टीजवळच्या ओट्यावर ठेवला आणि आत्याला बजावलं, "हात लावू नका. झाकण लावू नका. मी साडी नेसून येते." सगळं सांगितलं होतं. जे सांगायचं राहिलं ते मला सुचणंच शक्य नव्हतं. ओट्यावर ऊन आलं, थर्मास जरा जास्तच धुमसायला लागला, बोळा उडाला आणि तोंडातून पांढरा फेसाळ धूर भसाभसा काठावरून खाली यायला लागला. उभा जन्म कढईपुढं काढलेल्या बाईला पांढरं काही काठावर आलेलं दिसलं, तर तिचा हात काय करणार? शेजारच्या तांब्यातलं पाणी घेऊन तिनं हबका मारला. दुधावर मारतात तसा, नेमका, मधोमध.

मी पदर खोचत होते तेव्हा आवाज आला. बाहेर येते तर भट्टी दिसेना, नुसतं धुकं. धुक्यातून आईचा आरडाओरडा, कोंबड्यांची पळापळ, आणि आत्याचा चढा आवाज, "उतू गेलं गं, उतू गेलं! आवरंना मला!" पाणी पडल्याबरोबर नायट्रोजन उसळून सगळाच्या सगळा उडून गेला होता आणि थर्मासची काच तडकली होती. आत बर्फाचा गोळा. आत्याला काही लागलं नव्हतं, हे बघून घेतलं आणि मग मी जी भडकले, ती भडकले. पाणी! दोनशे अंश उण्यातल्या वस्तूवर पाणी! ती म्हणाली, "उकळत हुतं की." मी म्हटलं, ते गार आहे म्हणून उकळतंय. आता हे वाक्य माझे विद्यार्थी वहीत लिहून घेतात. त्या दिवशी आत्या माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू पोरीला बाधा झाली असावी.

आप्पांनी फटफटी काढली आणि येरमाळ्याच्या फोनवरून कॉलेजात निरोप दिला. मी ओट्यावर बसून राहिले. लोहारा डोळ्यांपुढं दिसत होतं, कचेरीसमोरच्या जीपच्या रांगेसकट. पण दैव तरी कसं, परीक्षकांना येरमाळ्याच्या येडेश्वरीचं दर्शन घ्यायचंच होतं. देशमाने सर त्यांना म्हणाले, वाटेतच आहे सर, दवाखान्यातच जाऊन बघू. तेव्हा दुपारी देवीचा मळवट कपाळाला लावलेले परीक्षक, घामाघूम झालेले देशमाने सर आणि सेलवर चालणारा मीटर, असे सगळे जीपमधून जनावरांच्या दवाखान्यापुढं उतरले. दवाखान्यात लोखंडी खोडा, त्यात एक म्हैस उभी, तिच्यामागं आणखी दोन वाट बघत. आणि अख्खं गाव.

आता जारमधून काही काढायचं नाही, असं ठरलं. वडीला चांदीच्या लेपानं चार तारा डकवल्या होत्या. ती लांब काठीला बांधून जारच्या तोंडातून हळूहळू आत सोडायची आणि बाहेर मीटरवर अडथळ्याचा आकडा वाचायचा. मी काठी धरली. आकडा हळूहळू उतरायला लागला. कुणी तरी मागून म्हणालं, "ताप बघायलेत." वडी आणखी खाली गेली, आकडा सरकत होता, सरकत होता, आणि मग कुणी पायाखालची फळी काढावी तसा पडला. शून्य. मी मीटरवर बोट टेकवून बघितलं, सेल संपला की काय म्हणून. शून्यच होतं. पुस्तकात वाचलेलं, फळ्यावर काढलेलं, हिरव्या वड्यांनी इतके महिने छळलेलं ते शून्य माझ्या गावात, शेणाच्या वासात, माझ्या हाताच्या काठीच्या टोकाला येऊन थांबलं होतं. मला रडू आलं आणि ते मी मुळीच लपवलं नाही.

परीक्षक म्हणाले, "छान. आता वर काढा, गरम होताना बघू." काढलं. "पुन्हा सोडा." सोडलं. "जरा हळू सोडा, मधले आकडे हवेत." माणूस पक्का होता. कसल्याही आकड्यावर पहिल्याच खेपेत विश्वास ठेवायचा नाही हे मी त्यांच्याकडूनच पुढं शिकले, आणि आज माझे विद्यार्थी त्याच कारणासाठी माझ्या नावानं बोटं मोडतात. पण त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी राग येत होता. दर खेपेला कोमट झालेली वडी आत गेली की जार घुसळून धूर ओकायचा. मागं डॉक्टर आणि आप्पा हळू आवाजात काही बोलत होते; माझे डोळे मीटरवर होते. शेवटी वडी बाहेर काढून एका ताटलीत ठेवली आणि वर चिमुकलं चुंबक सोडलं. ते तरंगलं, अगदी थोडा वेळ. बघायला इतकी डोकी एकदम वाकली की परीक्षकांनाच दिसलं नाही, तेही पुन्हा करावं लागलं. दोन्ही वेळा आत्या पुढं होती. तिनं चुंबकाच्या खालून काडी फिरवून बघितली आणि म्हणाली, "काय बी न्हाय खाली." परीक्षक हसले आणि मला म्हणाले, "पावसाळ्यात या पुण्याला."

पुढं सहा महिने मी पुण्यात नुसती धावत होते. घरी पत्र टाकलं की आईचं उत्तर यायचं, सगळं बरं हाय, अभ्यास कर. पहिल्यांदा घरी आले ती वेळअमावस्येला. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, पांडवांना नैवेद्य दाखवतात आणि तिथंच जेवतात. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडगंभर ताकातली आंबील. पुण्यात या आंबिलीची मला स्वप्नं पडायची. पहिला वाडगा तोंडाला लावला आणि कळलं, ताक आमचं नाही. आमच्या म्हशीच्या ताकाला एक वास असतो. "ताक कुणाचं?" मी विचारलं. आई म्हणाली, थंडी लई पडली औंदा. मी म्हटलं, थंडीनं ताक शेजारच्या घरी जातं का? आप्पा उठून बैलांकडं गेले. तेव्हा मला सकाळपासून खटकत असलेली गोष्ट उमगली. भट्टीवर दोनऐवजी एकच कढई होती, दुसरी भिंतीला पालथी. आणि गोठ्यात वासरांच्या जागा रिकाम्या.

मग आत्यानंच सांगितलं. त्या दिवशी जार निम्म्याखाली गेला होता. डॉक्टरांनी आप्पांना तिथंच, माझ्या पाठीमागं सांगितलं होतं, की आता थांबवा, कांड्या उघड्या पडायल्यात. आप्पांनी आजूबाजूच्या लोकांकडं बघितलं होतं आणि म्हणाले होते, "चालू द्या." पुढं, जगल्या असतील या आशेवर, त्याच कांड्यांनी डॉक्टरांनी हंगामभर म्हशी भरल्या. एकही ठरली नाही. आमच्या नाहीत आणि ज्यांनी ज्यांनी त्या जारवर भिस्त ठेवली होती त्यांच्याही नाहीत. सगळ्या भाकड फिरत होत्या. आणि गावातल्या एकाही माणसानं जीपमधून उतरल्यापासून मला हे ऐकवलं नव्हतं. उलट थांब्यावर दोघांनी विचारलं होतं, चुंबक अजून तरंगतंय का म्हणून.

मला भयंकर संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही, आता पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन तरी. मी सगळ्यांवर ओरडले. मला सांगायचं होतं! मी तिथंच उभी होते, दोन हातांवर! मी काठी बाहेर काढली असती, एकदा बघितलं तेवढं पुरे म्हणून त्या माणसाला सांगितलं असतं. माझ्या वडीसाठी गावाचं वर्ष घालवायचं हे तुम्ही परस्पर कसं ठरवलं?

"तू काठी काढली असतीस म्हनूनच न्हाय सांगितलं," आत्या म्हणाली. "म्हस काय, औंदा न्हाय तर फुडल्या थंडीत माजावर येती. त्यो पुन्याचा मानूस फिरून आला असता व्हय?"

मग तिनं माझ्या हातातला वाडगा घेतला आणि त्यात आणखी आंबील ओतली.